बाराशे एकर आणि एक कोमट तळे

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट हे नाव निघाले की महामंदी आठवते, दुसरे महायुद्ध आठवते, याल्टा परिषदेत चर्चिल आणि स्टॅलिन यांच्या मधोमध बसलेला थकलेल्या चेहऱ्याचा राष्ट्राध्यक्ष आठवतो. अमेरिकेच्या इतिहासात चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेला हा एकमेव नेता. त्यांच्या आयुष्यातला एक अध्याय मात्र राजकारणापेक्षा वैद्यकाच्या इतिहासात जास्त शोभतो. त्या अध्यायात औषध जवळजवळ नाही. आहे ते मोडकळीला आलेले एक हॉटेल, कोमट पाण्याचे तळे, बाराशे एकर जमीन आणि तिच्या मालकीचा प्रश्न.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथे झाला. घर पिढीजात श्रीमंत. हार्वर्डचे शिक्षण, वकिली, मग राज्याच्या सिनेटमध्ये प्रवेश, पुढे सात वर्षे नौदल खात्याचे सहायक मंत्रिपद आणि १९२०मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी. ती निवडणूक ते हरले, पण वय अवघे अडतीस होते आणि पुढचा रस्ता मोकळा दिसत होता.

ऑगस्ट १९२१मध्ये ते कुटुंबासह कॅनडातल्या कँपोबेलो बेटावर सुट्टीला गेले होते. १० तारखेला थंड पाण्यात पोहून आल्यावर त्यांना हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी ताप आला आणि एक पाय लुळा वाटू लागला, तिसऱ्या दिवशी दोन्ही पायांवर उभे राहता येईना. त्या भागात सुट्टीवर आलेल्या एका नामवंत वृद्ध शल्यचिकित्सकाने मज्जारज्जूत रक्ताची गुठळी झाल्याचे निदान केले आणि पायांना जोरकस मालिश करायला सांगितले. घरच्यांनी ते दिवसरात्र केले. दोन आठवड्यांनी बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोव्हेट आले तेव्हा त्यांनी पोलिओ असल्याचे सांगितले आणि मालिश ताबडतोब थांबवली. तीव्र अवस्थेतल्या हुळहुळ्या स्नायूंना चोळणे अपायकारक मानले जात होते. (हा पोलिओ नसून गियाँ-बारे सिंड्रोम असावा, असा तर्क २००३मध्ये काही संशोधकांनी मांडला. तो सर्वांना पटलेला नाही. रूझवेल्ट स्वतः मात्र अखेरपर्यंत पोलिओचेच रुग्ण म्हणून जगले.)

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. स्पर्शाची जाणीव शाबूत राहते, हुकूम मात्र पोहोचत नाही. मेलेली पेशी परत येत नाही. तिच्या शेजारी वाचलेल्या पेशी नव्या फांद्या फोडून पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंचा काही भार उचलतात. बरे होणे म्हणतात ते एवढेच, आणि त्यातला बहुतेक भाग पहिल्या काही महिन्यांत, फार तर दीड-दोन वर्षांत उरकतो. त्यानंतर उरते ते शिल्लक स्नायूंकडून जास्तीत जास्त काम करून घेण्याचे कसब. हे गणित रूझवेल्ट यांना मान्य नव्हते. आपण पुन्हा चालणार, या एकाच ध्यासाने त्यांनी पुढची तीन वर्षे घालवली. विजेचे शेक झाले, दिव्यांचे शेक झाले, फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ हाऊसबोटीवर राहून ऊनपाणी झाले. कंबरेखालचे स्नायू जागचे हलले नाहीत. पोलादी कॅलिपर बांधून, कुबड्यांच्या आधाराने काही पावले टाकता येत, ती चाल म्हणजे खरे तर खांद्यांच्या जोरावर शरीर फेकत नेणे होते.

अशा अवस्थेत जॉर्ज फॉस्टर पीबॉडी या धनिकाकडून त्यांना एक बातमी कळली. जॉर्जिया राज्यात पीबॉडी यांच्या मालकीचे एक जुने विश्रामस्थळ होते. तिथल्या तळ्यात उन्हाळेभर पोहून एक पोलिओग्रस्त तरुण काठीच्या आधाराने चालू लागला होता. ऑक्टोबर १९२४मध्ये रूझवेल्ट तिथे पोहोचले.

त्या गावाचे नाव वॉर्म स्प्रिंग्ज. पाइन माउंटनच्या डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकांत खोलवर मुरते, तिथे तापते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. तापमान बाराही महिने सुमारे ३१ अंश सेल्सिअस. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांसारखा चटका देणारे हे पाणी नव्हे. अंगाला जेमतेम कोमट लागावे इतकेच. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतली श्रीमंत कुटुंबे हवा पालटायला इथे येत. रूझवेल्ट आले तेव्हा ते वैभव ओसरले होते. मेरिवेदर इन हे लाकडी हॉटेल खिळखिळे झाले होते, भोवतालच्या बंगल्यांच्या फळ्यांमधून उजेड आत येत होता, आणि आग लागली तर धावता न येणाऱ्या माणसाचे काय होईल, याची धास्ती वाटावी अशी एकंदर स्थिती होती.

पण पाण्यात उतरल्यावर रूझवेल्ट यांना तीन वर्षांत प्रथमच पाय हलल्यासारखे वाटले. या अनुभवात चमत्कार काही नव्हता. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराच्या वजनाचा मोठा भाग पाणीच उचलते, त्यामुळे जमिनीवर स्वतःचेही ओझे न पेलणारा दुबळा स्नायू पाण्यात पाय पुढे नेऊ शकतो. हे कुठल्याही तलावात घडते. अडचण असते ती थंडीची. लुळ्या पायांत रक्ताभिसरण मंद असते, ते लवकर गारठतात आणि गारठलेला स्नायू आणखी कमकुवत होतो. वॉर्म स्प्रिंग्जच्या पाण्यात माणूस दीड-दोन तास आरामात राहू शकत होता, आणि व्यायामाचा वेळ वाढला की फायदाही वाढत होता. पाण्यातल्या खनिजांना रूझवेल्ट यांनी जे श्रेय दिले त्याला आधार नव्हता. गुण होता तो उष्णतेचा, तरंगण्याचा आणि चिकाटीचा.

त्यांच्या या मुक्कामावर अटलांटाच्या एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत लेख आला आणि देशभरातल्या वृत्तपत्रांनी तो छापला. पोहून बरा होणारा नेता, असा त्याचा सूर. १९२५च्या वसंतात रूझवेल्ट परत आले तोवर पोलिओचे रुग्ण, कोणालाही न विचारता, वॉर्म स्प्रिंग्जच्या स्टेशनवर उतरू लागले होते. कोणाला डब्यातून उचलून काढावे लागले. तिथे ना रुग्णालय होते, ना तज्ज्ञ. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि पाण्यात व्यायाम शिकवायला स्वतः रूझवेल्ट उतरले. डॉ. लोव्हेट यांच्या पद्धतीनुसार एकेका स्नायूची ताकद तपासून तक्त्यात नोंदवायची, हे ते शिकले होते. आज कोणत्याही फिजिओथेरपी विभागात शून्य ते पाच या श्रेणीने स्नायूंची ताकद मोजतात, त्याच घराण्यातली ती पद्धत. कायद्याचे शिक्षण घेतलेला माणूस तळ्याच्या काठावर रुग्णांच्या मांड्यांची मोजमापे घेत बसला होता आणि रुग्ण त्याला गमतीने डॉक्टर म्हणू लागले होते.

खरा पेच मात्र पाण्यात नव्हता, काठावर होता. जागा हॉटेलची, आणि हॉटेल चालायचे ते सुट्टीवर आलेल्या धडधाकट पाहुण्यांवर. त्यांनी तक्रारी सुरू केल्या. लुळ्या माणसांबरोबर एकाच तळ्यात उतरायचे, एकाच खोलीत जेवायचे, रोग लागला तर? आजार होऊन महिने-वर्षे उलटलेल्या त्या रुग्णांकडून संसर्गाची भीती नव्हती, पण भीतीला ते कोण समजावणार? रुग्णांचे जेवण तळघरातल्या खोलीत हलवले गेले. त्यांच्यासाठी वेगळे तळे करावे लागले. जागेचा मालक कितीही सहृदय असला तरी पाहुणे निघून गेले तर त्याला रुग्णांना नाही म्हणावेच लागणार होते. उपचार चालू राहणार की नाही, हे वैद्यकावर नव्हे, तर मालकी कोणाच्या नावावर आहे यावर ठरणार होते.

रूझवेल्ट यांनी उत्तर शोधले ते खरेदीखतात. एप्रिल १९२६मध्ये त्यांनी ती सारी मालमत्ता विकत घेतली: हॉटेल, बंगले, झरे, तळी आणि सुमारे बाराशे एकर जमीन. किंमत जवळपास दोन लाख डॉलर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या संपत्तीचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा. पत्नी एलेनॉर यांना पाच मुलांच्या शिक्षणाची चिंता होती आणि त्यांनी ती लपवली नाही. वकिलीतले भागीदार बेसिल ओकॉनर यांनाही हा सौदा शहाणपणाचा वाटला नव्हता. हिशेबाच्या वहीतून पाहिले तर त्या दोघांचेच बरोबर होते. दिवाळखोरीच्या काठावरचे हॉटेल, ज्याला पाहुणे सोडून चालले आहेत आणि ज्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांकडे पैसे नाहीत, असे कोणी विकत घेत नाही.

सुरुवातीला त्यांचा बेत दुहेरी होता. एका बाजूला गोल्फचे मैदान, बंगल्यांचे भूखंड, सुट्टीची मौज. दुसऱ्या बाजूला उपचार. पहिल्याच्या नफ्यावर दुसरे चालवायचे. सार्वजनिक रुग्णालयांच्या पुनर्विकासात आजही हाच आराखडा पुन्हा पुन्हा पुढे येतो. वॉर्म स्प्रिंग्जमध्ये तो फसला. धनिक पाहुणे आणि चाकाच्या खुर्च्या एकत्र नांदेनात, आणि रूझवेल्ट यांनी निवड केली ती खुर्च्यांची.

आता वैद्यकाची मान्यता हवी होती. १९२६मध्ये अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांचे अधिवेशन अटलांटात भरले होते. रूझवेल्ट यांनी बोलण्याची परवानगी मागितली, ती डॉक्टर नसल्याच्या कारणावरून नाकारली गेली. तरीही ते गेले, आणि चाकाच्या खुर्चीतून सभागृहाबाहेर एकेका सदस्याला गाठून बोलत राहिले. परिणामी या उपचारांचे मूल्यमापन करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातले डॉ. लिरॉय हबर्ड आणि फिजिओथेरपिस्ट हेलेना महोनी वॉर्म स्प्रिंग्जला आले. त्यांनी २३ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि सर्वांत सुधारणा आढळल्याचे कळवले. आजच्या निकषांवर हा पुरावा तोकडा आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि काहींच्या बाबतीत निसर्गानेच केलेली सुधारणा पाण्याच्या नावे जमा झाली असेल. पण लुळ्या रुग्णाला घरच्या मागच्या खोलीत ठेवणे हाच सर्वमान्य उपचार होता, त्या काळात एवढी पद्धतशीर नोंद हीच नवलाई होती.

समितीचा अनुकूल अहवाल हाती येताच १९२७मध्ये रूझवेल्ट यांनी आणखी एक पाऊल टाकले. विना-नफा तत्त्वावर जॉर्जिया वॉर्म स्प्रिंग्ज फाउंडेशन ही संस्था स्थापून सारी मालमत्ता तिच्याकडे वर्ग केली. जमीन आता पीबॉडींची नव्हती, रूझवेल्टांचीही नव्हती. त्यांनी घातलेली रक्कम संस्थेवरचे कर्ज म्हणून नोंदली गेली. हे कर्ज मात्र लटकती तलवार होते; उद्या रूझवेल्ट गेले आणि वारसांनी पैसे मागितले तर काय? त्यावर १९३०मध्ये तोडगा निघाला. रूझवेल्ट यांच्या आयुष्याचा ५ लाख ६० हजार डॉलरचा विमा उतरवण्यात आला आणि लाभार्थी म्हणून फाउंडेशनचे नाव लागले. चालता न येणाऱ्या माणसाची प्रकृती इतका मोठा विमा मिळण्याइतकी ठणठणीत असल्याचा निर्वाळा विमा कंपन्यांच्या डॉक्टरांनी दिला. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्याचा राजकीय उपयोगही झाला, हा भाग वेगळा.

राजकारण परत आले होते ते १९२८मध्ये. पक्षाने त्यांना न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी गळ घातली तेव्हा त्यांनी दोन सबबी सांगितल्या: पायांवरचे उपचार अर्धवट आहेत आणि वॉर्म स्प्रिंग्जचा आर्थिक भार डोक्यावर आहे. दुसरी सबब जॉन रॅस्कॉब या उद्योगपतीने त्या भाराची हमी घेऊन निकालात काढली. पहिलीचे उत्तर कोणाकडेच नव्हते. महोनी यांनी त्यांना एव्हाना एक युक्ती शिकवली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने मुलाचा दंड घट्ट धरायचा, कॅलिपर गुडघ्याशी कुलूपबंद करायचे आणि कंबरेच्या झोक्याने काही पावले चालून दाखवायची. त्या वर्षीच्या पक्षाच्या अधिवेशनात ते असेच चालत व्यासपीठावर आले. पाहणाऱ्यांना वाटले, माणूस लंगडतो आहे, पण बरा होतो आहे. स्नायू होते तसेच होते.

पुनर्वसन म्हणजे काय, याचे हे नेमके उदाहरण. वॉर्म स्प्रिंग्जने रूझवेल्ट यांना पाय परत दिले नाहीत. त्यांनी हाताने चालवायची मोटार तिथल्या कारागिराकडून करून घेतली आणि लाल मातीच्या रस्त्यांवर ती स्वतः हाकली. शेजारच्या शेतकऱ्यांशी गप्पा मारल्या, त्यांच्या कापसाच्या पडलेल्या भावाची, वीज नसलेल्या घरांची माहिती घेतली. या भागातल्या महाग विजेचा अनुभव ग्रामीण विद्युतीकरणाच्या त्यांच्या पुढच्या योजनेमागे होता, असे ते नंतर सांगत.

दरम्यान जागेचे रूप पालटत होते. १९२८मध्ये उद्योगपती हेन्री फोर्ड यांचे पुत्र एडसेल फोर्ड यांच्या देणगीतून तळ्यावर काचेचे छत आले, त्यामुळे हिवाळ्यातही उपचार चालू राहिले. वास्तुविशारद हेन्री टूम्स यांनी नव्या इमारतींचे आराखडे केले. पायऱ्या टाळलेल्या, खुर्ची सरळ आत जाईल अशा. १९३३मध्ये जुने मेरिवेदर इन पाडले गेले आणि जॉर्जियाच्या लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली जॉर्जिया हॉल ही इमारत नोव्हेंबरमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत खुली झाली. एकेकाळी तळघरात जेवायला पाठवलेल्या रुग्णांसाठी तिथे पांढऱ्या कापडाची टेबले मांडलेली होती. रुग्णांची खुर्ची ढकलायला स्थानिक तरुण असत. नाटके बसत, पत्त्यांचे डाव पडत, प्रेमे जमत, लग्नेही होत. रुग्णांच्या मताला व्यवस्थापनात किंमत होती, कारण मुळात जागा घेणारा माणूसच त्यांच्यापैकी एक होता.

या चित्रात एक मोठे भोक होते. कृष्णवर्णीयांना तिथे नोकरी मिळे, उपचार मिळत नसत. दक्षिणेतला वर्णभेद वॉर्म स्प्रिंग्जच्या फाटकात थांबला नव्हता, आणि राष्ट्राध्यक्षांनी तो थांबवलाही नाही. टीका वाढल्यावर, अलाबामातल्या टस्कीगी इथे १९४१मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी स्वतंत्र पोलिओ केंद्र सुरू झाले. ते तुलनेने लहान होते. जमीन सर्वांच्या नावे केल्याचा कागद हाती असला तरी सर्व म्हणजे कोण, हे त्या कागदात लिहिलेले नव्हते.

मंदीत देणग्या आटल्या तेव्हा पैसा उभारण्याची नवी रीत निघाली. ३० जानेवारी १९३४ला, रूझवेल्ट यांच्या वाढदिवशी, देशभर हजारो ठिकाणी नृत्यसमारंभ झाले आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. राष्ट्राध्यक्षांचे नाव आणि एका संस्थेची तिजोरी यांची अशी सांगड किती काळ चालणार, हा प्रश्न रास्त होता. म्हणून १९३८मध्ये पोलिओसाठी पक्षातीत राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याची धुरा आली बेसिल ओकॉनर यांच्याकडे. जागेच्या सौद्याला नाके मुरडणारे तेच ओकॉनर. विनोदी कलावंत एडी कँटर यांनी रेडिओवरून प्रत्येकाने दहा सेंटचे एक नाणे थेट व्हाइट हाऊसला पाठवावे, असे सुचवले. टपालखाते गाडले जाईल इतकी पाकिटे आली. मोजणी झाली तेव्हा नाणी २६ लाख ८० हजार भरली.

रूझवेल्ट वॉर्म स्प्रिंग्जला येत राहिले. १९३२मध्ये त्यांनी तिथे बांधलेले सहा खोल्यांचे साधे घर लिटल व्हाइट हाऊस म्हणून ओळखले जाऊ लागले. युद्धाने त्यांना पोखरले होते. मार्च १९४४च्या तपासणीत रक्तदाब १८६/१०८ आढळला आणि हृदयही कमकुवत झाले होते. रक्तदाबावर परिणामकारक औषध तेव्हा नव्हते. १२ एप्रिल १९४५च्या दुपारी, चित्रकार त्यांचे व्यक्तिचित्र रंगवत असताना, मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याच घरात त्यांचा मृत्यू झाला. वय ६३.

बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, जोनास साल्क यांची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. त्या संशोधनाला आणि सुमारे १८ लाख मुलांचा सहभाग असलेल्या चाचणीला पैसा पुरवला होता ओकॉनर यांच्या प्रतिष्ठानाने, म्हणजे त्या दहा-दहा सेंटच्या नाण्यांनी. रुग्णांची रांग काही वर्षांतच ओसरली. जो आजार हटवण्यासाठी ती जागा घेतली होती तो हटत गेला, आणि वॉर्म स्प्रिंग्जपुढे जमिनीचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. इमारती आहेत, तळे आहे, प्रशिक्षित माणसे आहेत, पण कोणासाठी?

१९६०च्या दशकात त्याच आवारात राज्याने अपंगांच्या पुनर्वसनाचे आणि रोजगार-प्रशिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९७४मध्ये फाउंडेशनने आपली मालमत्ता जॉर्जिया राज्याला दिली. खासगी विश्रामस्थळ, मग एका माणसाची मालमत्ता, मग विना-नफा संस्था आणि अखेर सरकार, असा त्या सातबाराचा पन्नास वर्षांचा प्रवास झाला. पोलिओच्या रुग्णांच्या खाटांवर पक्षाघाताचे, मज्जारज्जूला इजा झालेले, पाय गमावलेले रुग्ण आले. त्यांच्यासाठी स्नायूंचे तक्ते आणि पाण्यातले व्यायाम पुढे चालू राहिले. रूझवेल्ट ज्यात पोहत ती उघडी तळी आता कोरडी असतात आणि संग्रहालयाचा भाग म्हणून दाखवली जातात. झऱ्याचे पाणी वाहतेच आहे, आणि पाहुण्यांना त्यात हात घालून ते किती कोमट आहे ते पाहता येते.